बारशाआधीची नावं

इंदू गेल्याची बातमी आमच्या कचेरीत फोनवर आली. दुपारची वेळ होती. तक्त्यांचा मेळ घेण्याचं काम चाललं होतं, म्हणजे एकानं आकडे मोठ्यानं वाचायचे आणि दुसऱ्यानं आपल्या कागदावर खुणा करत जायचं. शिपाई दारात येऊन म्हणाला, "दातारसाहेब, अंधेरीहून फोन होता. सामंतबाई सकाळी वारल्या, एवढं सांगा म्हणाले." वाचणारा जरा थांबला. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी, कागदावरची नजरही न काढता विचारलं, "कोण सामंतबाई? ती नावं बनवणारी?"... वाचणाऱ्यानं पुढचा आकडा वाचला आणि मी त्याच्यापुढे खूण केली.

या गोष्टीला आता पाच-सहा आठवडे झाले. माणूस गेल्यावर त्याच्याविषयी चांगलंच बोलावं असा रिवाज आहे, आणि इंदूविषयी वाईट बोलण्यासारखं माझ्याकडे काही नाहीच. वाईट बोलण्यासारखं जे आहे ते माझ्याविषयी आहे, आणि ते सांगितल्याखेरीज तिची हकिगत पुरी होत नाही. ज्यांना रविवारच्या चहाबरोबर चार गोड शब्द वाचायचे असतील त्यांनी खुशाल पान उलटावं.

आम्ही अंधेरीचे. आमचं घर आणि सामंतांचं घर यांच्यामध्ये एक विहीर होती, दोघांची मिळून. इंदू माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, पण तिला ताई म्हणायला मी लहानपणीच नकार दिला होता आणि त्यापायी माझ्या आईचा मारही खाल्ला होता. तिचे वडील लवकर गेले, तिचा थोरला भाऊ नाना पोस्टात चिकटला, आणि इंदू इथल्याच एका शाळेत गणित शिकवायला लागली. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारणाऱ्यांना ती "वेळ झाला नाही" असं सांगायची, आणि तिचा दिनक्रम पाहिला तर ते खोटंही नव्हतं. खोटं बोलणं तिला जमायचंच नाही. पाहुण्यांना "जेवून जा" असं तोंडदेखलंसुद्धा तिला म्हणता येत नसे. भात असेल तरच म्हणायची. अशा बाईच्या नावावर शेवटी काय चिकटलं, ते वर आलंच आहे.

एक्कावन्नच्या शिरगणतीत शाळामास्तरांना कामाला धरलं, तसं तिलाही धरलं. बाकीचे कुरकुरत होते. आमच्या ओळखीच्या एका मास्तरांनी तर अख्ख्या चाळीची माहिती पहिल्या खोलीत बसून, चहा पिता पिता, एकाच भाडेकरूकडून भरून घेतली. इंदू आमच्या घरी आली तेव्हा मी मुद्दाम रजा काढून गंमत बघायला थांबलो होतो. तिनं आईला वय विचारलं. आई म्हणाली, "लिही पन्नास."

"काकू, पन्नास कशावरून?"

"अगं, पन्नास काय नि पंचावन्न काय! आता कुणाला माझं लग्न जुळवायचंय?"

इंदू हसली, पण लिहिलं नाही. म्हणाली, "प्लेगात तुम्ही सगळे गाव सोडून माळावर झोपड्यांत राहायला गेला होतात ना? तेव्हा तुम्ही चालत गेलात की कुणाच्या कडेवर?" आईनं डोळे मिटून विचार केला. चालत, म्हणाली. हातात दुधाची कासंडी होती आणि ती सांडली म्हणून मार बसला होता... पाऊण तास दोघी त्या माळावर फिरत होत्या. शेवटी आईचं वय पन्नाशीच्या बरंच पुढे सरकलं आणि आई दिवसभर माझ्यावर चिडून होती. मी इंदूला म्हटलं, एवढी उस्तवार कशाला? पाच वर्षांनी काय बिघडतं? ती म्हणाली, "सगळ्यांनीच पन्नास लिहिलं तर कागदावर नुसती पन्नाशीची माणसं दिसतील रे, आणि साठीला आलेली दिसणारच नाहीत. उद्या त्यांच्यासाठी कुणी काही करायचं म्हटलं तर वरचे विचारतील, आहेत कुठे ती?" मी आकडेमोडीत नोकरी करणारा माणूस, पण आकडे कशासाठी असतात हे मला तोवर इतक्या साध्या शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच कामात तिच्याकडे खारदांड्याच्या कोळीवाड्याचा एक तुकडा आला होता. तिथं एका बाईला तिनं विचारलं, मुलं किती? बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "पोरां काय म्हावरा हाय मोजाला?" पोरं म्हणजे काही मासळी नव्हे, मुलांचा आकडा तोंडानं सांगू नये, दृष्ट लागते. हे आपल्याही घरांतून आहेच, आपण फक्त ते इंग्रजी शिकून विसरल्यासारखं करतो. इंदूनं त्या दिवसापासून "किती" हा शब्द सोडला. ती विचारायची, "कोण कोण?" मग त्याच बाया धडाधड नावं सांगत सुटायच्या आणि ही मनात मोजायची. या शोधाचा तिला फार आनंद झाला होता. विहिरीवर मला गाठून म्हणाली, "वसंता, आकडा मागायचाच नाही. नाव मागायचं. नाव द्यायला कुणी नाही म्हणत नाही."

पुढे तीन-चार वर्षांनी मी ज्या संस्थेत आहे तिच्याकडे एक पाहणी आली. उपनगरांत नवं प्रसूतिगृह काढायचं होतं आणि ते कुठे काढायचं हे ठरवण्यासाठी बाळंतपणांची आणि दगावणाऱ्या अर्भकांची घरोघर जाऊन माहिती हवी होती. संस्थेचं नाव मी लिहीत नाही. आत असलेल्यांना कळेल आणि बाहेरच्यांना त्याच्याशी काही कर्तव्य नाही. चिठ्ठीचा, म्हणजे घरोघर भरायच्या कागदाचा, नमुना मी तयार करत होतो. मी इंदूचा शोध त्यात घातला. गेल्या काही वर्षांत घरात जन्मलेल्या प्रत्येक मुलाला एक ओळ, आणि ओळीतला पहिला रकाना नावाचा. मग कधी जन्मलं, कुणी सोडवलं, आहे की गेलं, गेलं तर कितव्या दिवशी. मी तो नमुना तिला दाखवला तेव्हा ती म्हणाली, "झकास." तिनं शाळेतून रजा घेतली आणि माझ्या शिफारशीवरून ती पाहणीवर रुजू झाली. त्या पहिल्या रकान्यानंच पुढे घात केला, आणि तो रकाना तिच्या शहाणपणातून आलेला होता हे आठवलं की अजून माझा जीव तळमळतो.

तिला जोगेश्वरीची वस्ती दिली होती, लेण्यांच्या वरच्या अंगाची. बहुतेक सगळी कोकणातली माणसं. कुणी गिरणी सुटून इकडच्या कारखान्यात लागलेला, कुणी गोरेगावच्या स्टुडिओत सुतार. दिवसभर सिनेमातले राजवाडे ठोकायचे आणि संध्याकाळी पत्र्याच्या झोपडीत परतायचं. इंदू सकाळी जायची ती चार वाजता परत यायची. महिनाभरानं ती थेट माझ्या टेबलाशी आली आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्यापुढे पसरून उभी राहिली.

"हे बघ. ही सगळी आठव्या-नवव्या दिवशी गेलीत. आधी दूध सोडतं, मग जबडा मिटतो, मग आकडी येते. बायका म्हणतात बाहेरचं लागलं. बाहेरचं नाही रे काही. नाळ विळीनं कापतात. मासे चिरायची विळी. आणि वर राख थापतात."

"तू डॉक्टर कधी झालीस?"

"डॉक्टरांना विचारून आले. धनुर्वात म्हणाले. एक नर्स आणि उकळलेली कात्री एवढ्यावर थांबेल म्हणाले. पण मी एकटीनं सांगून कोण ऐकणार? तक्त्यात दिसलं पाहिजे."

मी गठ्ठा चाळला. ओळींमागून ओळी, आणि पहिल्या रकान्यात नुसती आडवी रेघ. मी म्हटलं, "इंदू, तक्त्यात यातलं काही दिसणार नाही." आमचा नियम असा होता की नाव नसलेली ओळ अपुरी समजायची आणि अपुरी ओळ वगळायची. नियमाला कारणही होतं. एकच मूल सासू सांगते आणि सूनही सांगते. मग ते एक की दोन हे नावावरूनच ताडता येतं. नियम मीच लिहिला होता, सायक्लोस्टाइल करून सगळ्यांना वाटला होता, आणि त्याप्रमाणे चार उपनगरांच्या चिठ्ठ्या निवडूनही झाल्या होत्या.

इंदूनं गठ्ठा पुन्हा माझ्यापुढे सरकवला. "बाराव्या दिवशी बारसं होतं वसंता. तोवर नाव नसतं. तुझं काय पोटातच ठेवलं होतं?"

मला माहीत होतं. माझ्या दोन्ही मुलांची बारशी मी केली होती, पाळण्याखालून 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' झालं तेव्हा मी तिथंच उभा होतो. पण नियम लिहिताना आठवलं नव्हतं. टेबलाशी बसलं की माणसाला आपलं घर आठवत नाही. आणि आठवण झाल्यावर नियम बदलायचा म्हणजे चार उपनगरांच्या चिठ्ठ्या पुन्हा काढायच्या, रेघ मारून बाद केलेली ती सगळी अर्भकं पुन्हा आत घ्यायची, आणि हे सगळं माझ्या चुकीनं झालं असं लेखी द्यायचं. मी म्हटलं, "हे बघ, नाव असलं की ओळ धरतो, नसलं की नाही. सरळ आहे."

"नाव असलं की धराल? नक्की?"

"धरू."

हे 'धरू' मी चहाचा कप उचलता उचलता म्हणालो. चहा गार होत होता, एवढीच मला घाई होती.

ती परत वस्तीत गेली. आता ती बायकांना विचारायला लागली, "काय ठेवणार होतीस?" पहिल्या दिवशी काय झालं ते तिनं मला विहिरीवर सांगितलं होतं. पार्वती नावाची एक बाई, नवरा स्टुडिओत सुतार. आधी ती म्हणाली, "नाव खंय? बारसाच जाला नाय." इंदू उठली नाही. बाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, पुन्हा आत सारलं. मग मान खाली घालून म्हणाली, "मोहन." आणि लगेच, "घोवाक सांगू नकात हां." नवऱ्याला तिनं ते कधी सांगितलंच नव्हतं. मुलगा झाला तर मोहन, हे तिनं पोट दिसायला लागायच्या आधीच आपल्याशी ठरवून टाकलं होतं, आणि मूल गेल्यावर ते कुणाला सांगायचा प्रसंगच उरला नाही. इंदूनं शब्द दिला, सांगणार नाही. मला म्हणाली, "मला वाटलं होतं रडतील. रडत नाहीत रे. नाव सांगताना लाजतात." मग प्रत्येक झोपडीत तेच. तिच्या चिठ्ठ्यांमधल्या आडव्या रेघा गेल्या आणि नावं आली. तिच्या त्या शाळेतल्या फळ्यावरच्या अक्षरात, मोहन, सुलोचना, गणपत...

त्या चिठ्ठ्या माझ्या विभागात पोचायच्या आधी तपासनीसाकडे गेल्या. तो नेमानं वागणारा माणूस होता. त्यानं ती नावं जन्ममृत्यूच्या नोंदवहीशी ताडून पाहिली. एकही सापडेना, सापडणार कुठून? मग तो वस्तीत गेला आणि नियमाप्रमाणे कुटुंबप्रमुखांना, म्हणजे बापांना विचारलं. पार्वतीच्या नवऱ्यालाही विचारलं, तुम्हाला मोहन नावाचा मुलगा होता का? तो म्हणाला, "नाय बा." खरंच होतं त्याचं. मोहन नावाचा मुलगा त्याला कधीच नव्हता. तपासनीसानं अहवाल दिला की अन्वेषिकेनं, म्हणजे इंदूनं, चिठ्ठ्यांत काल्पनिक मुलं भरली आहेत.

संचालकांनी तिला बोलावलं आणि मलाही. मला तो दिवस शब्दन् शब्द आठवतो, आणि आठवू नये म्हणून मी पुष्कळ प्रयत्न केला आहे.

"ही नावं तुम्ही घातलीत?"

"आयांनी सांगितली."

"बापांना ठाऊक नसलेली?"

"हो."

"बाई, ही पाहणी आहे. गोष्टींचं पुस्तक नाही. यातल्या एखाद्या बाईला माझ्यासमोर आणून हेच वदवाल?"

इंदू म्हणाली, "नाही. कुणाला सांगणार नाही असं कबूल केलंय मी." संचालक नुसते हसले. मग माझ्याकडे वळले. "दातार, नाव नसेल तिथं नाव घालून घ्यावं अशी काही सूचना तुमच्या विभागातून गेली होती?"

मी म्हणालो, "नाही साहेब. नियम छापील आहे."

यातलं प्रत्येक अक्षर खरं होतं. सूचना गेलेली नव्हती. नियम छापील होता. आणि एका गार होत चाललेल्या चहाबरोबर म्हटलेलं 'धरू' कुठल्याही फायलीत नव्हतं. इंदूनं ते फायलीत आणलं नाही. तिनं माझं नावसुद्धा घेतलं नाही. मी धरून चाललो होतो की ती घेईल, आणि मग काय बोलायचं ते मी मनात जुळवतही होतो... ते बोलायची पाळीच आली नाही. बाहेर आल्यावर जिन्यात मी तिला म्हटलं, "इंदू, मी बोललो असतो तरी तुझी नोकरी वाचली नसती."

ती म्हणाली, "नोकरीचं कोण बोलतंय? तू बोलला असतास तर तक्ते पुन्हा करावे लागले असते. तेवढं तरी झालं असतं रे." आणि जिना उतरून गेली. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

तिच्या सगळ्याच चिठ्ठ्या रद्द झाल्या, जिवंत मुलांच्यासुद्धा. दुसरा एक जण वस्तीत गेला आणि दोन दिवसांत काम उरकून आला. त्यानं जी समोर खेळत होती तेवढी पोरं लिहून घेतली. अहवाल छापून आला तेव्हा जोगेश्वरीच्या त्या वस्तीत अर्भकं दगावण्याचं प्रमाण बंगल्यांच्या भागाहूनही कमी दिसत होतं. प्रास्ताविकात त्याचं श्रेय टेकडीवरच्या मोकळ्या हवेला दिलं होतं. छपाईआधी मसुद्यात ते वाचून मी मनातल्या मनात किती हसलो आणि तसाच कसा तो कागद सहीला पुढे केला, हे माझं मला ठाऊक. प्रसूतिगृह आकड्यांनी दाखवलं तिथं झालं, जिथं आधीच दोन दवाखाने होते. त्यात कुणाची बदमाशी नव्हती. माझ्या तक्त्यावर विश्वास ठेवला एवढाच त्यांचा गुन्हा. खोटा आकडा निदान पकडता तरी येतो. गाळलेला आकडा कागदावर इतका स्वच्छ दिसतो की त्याच्याकडे कुणी संशयानं बघत नाही. रद्द चिठ्ठ्या वर्षभरानं रद्दीत गेल्या. रद्दीत टाकायच्या कागदांच्या यादीवर सही माझी आहे, कारण तोवर मी विभागप्रमुख झालो होतो.

इंदू शाळेत परतली. बातमी तिच्याआधी पोचली होती. मुख्याध्यापकांनी काही बोलून दाखवलं नाही. फक्त तिच्या वर्गाच्या हजेरीपटावर दुसऱ्या शिक्षकाचीही सही घ्यायला सुरुवात केली. पोरं मोजण्यातही ही बाई काही बनवाबनवी करील अशी त्यांना शंका. आणि अलीकडे पुढच्या शिरगणतीची कुजबुज सुरू झाली आणि कामाला कोण कोण येईल अशी शाळेत विचारणा झाली, तेव्हा सगळ्यांत आधी हात वर केलेल्या या बाईचं नाव यादीत नव्हतं. हे मला नानानं सांगितलं. तिनं सांगितलं नाही.

काविळीनं अंथरुणाला खिळली तेव्हा मी भेटायला गेलो. डोळे पिवळे झाले होते, हातावरची कातडी सैल पडली होती. इतक्या वर्षांत न बोललेलं बोलायचं असं मी घरून ठरवून निघालो होतो. "इंदू, त्या दिवशी साहेबांसमोर..." एवढंच बोललो. तिनं हातानं थांबवलं. "ते जाऊ दे. नियम बदललास का?"

मी विभागप्रमुख. त्यानंतर आणखी दोन पाहण्या माझ्या हाताखालून गेल्या होत्या. त्याच नमुन्यावर, त्याच पहिल्या रकान्यासकट. मी म्हटलं, "बदलतो." तिनं कुशीवर वळून भिंतीकडे तोंड केलं. आमच्यातलं शेवटचं बोलणं हे.

ती गेल्यावर आठवड्यानं मी नियम बदलला. 'नाव ठेवलेले नसल्यास आईचे नाव व जन्माचा क्रम लिहावा. ओळ वगळू नये.' दहा मिनिटं लागली. साहेबांनी न वाचता सही केली. कुणीही हरकत घेतली नाही, कुणीही कारण विचारलं नाही. ज्या दहा मिनिटांना मी इतकी वर्षं भीत होतो ती ही.

शाळेत शोकसभा झाली. मुख्याध्यापक तिच्या सत्यनिष्ठेवर बोलले. आमच्या संस्थेनंही शोकसंदेश पाठवला होता. 'सामाजिक संशोधनाच्या एका निष्ठावंत कार्यकर्तीस आपण मुकलो' वगैरे. मसुदा मीच केला होता, म्हणून एवढं पाठ आहे. सभा संपल्यावर नानानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, "वसंता, दर रविवारी ती जोगेश्वरीला जायची, तुला माहीत आहे?" मला माहीत नव्हतं. पाहणीवरून काढल्यापासून एकही रविवार चुकवला नव्हता म्हणे. तिथल्या सुइणीच्या हातून विळी सोडवायला तिला दोन वर्षं लागली. पुढे बायका दिवस भरत आले की तिला निरोप धाडायच्या आणि ही कात्री घेऊन जायची. नाना म्हणाला, "त्यांना कुणी कळवलेलं नाही. माझे पाय चालत नाहीत. तू जाऊन सांगून ये."

गेल्या रविवारी गेलो. ज्या वस्तीचे तक्ते मी केले तिथं माझं हे पहिलंच पाऊल. चढणीच्या टोकाला झोपड्यांमध्ये एक सपाट खडक आहे. मी सामंतबाईंकडून आलोय म्हटल्यावर बायका गोळा झाल्या आणि म्हणाल्या, बसा, बाई हयसरच बसत. माझ्यानं काही त्या खडकावर बसवेना. उभ्या उभ्याच सांगितलं. कुणी हंबरडा फोडला नाही. एकीनं पदर तोंडाला लावला, दोघी-तिघी तिथंच खाली बसल्या. मग कडेवर मूल घेतलेल्या एका बाईनं विचारलं, "मग त्या कागदांचा काय जाला?"

"कुठल्या कागदांचं?"

"बाईंनी नावां लिवलेली. आमच्या गेलेल्या पोरांची. सरकारात आसत मां ती?"

इतकी वर्षं त्या वस्तीतल्या बायका असं समजून होत्या की आपली पोरं कुठल्यातरी कपाटात, कुठल्यातरी मोठ्या वहीत, नावानिशी आहेत. इंदूनं त्यांना चिठ्ठ्या रद्द झाल्याचं कधी सांगितलं नव्हतं... तिला ते सांगवलं नसेल, किंवा त्यांनी कधी विचारलं नसेल. मला विचारलं. रद्दीच्या यादीवर सही करणाऱ्याला विचारलं.

मी म्हणालो, "आहेत."

"माझो दत्ताराम?"

"आहे."

"आणि माझी शेवंती? पाच दिसांची होती."

"आहे."

मग त्या एकेक पुढे येऊन नावं सांगायला लागल्या. कुणी हळू, कुणी हसून, एकीनं दोन सांगितली. मी प्रत्येकीला 'आहे' म्हणत गेलो. माझ्या सगळ्या नोकरीत एवढ्या खोट्या नोंदी मी कधी केल्या नव्हत्या, आणि माझ्या तोंडावर एकीनंही संशय घेतला नाही. सगळ्यांच्या मागे एक अगदी म्हातारी बसली होती. ती उठली नाही. बसल्या जागेवरून म्हणाली, "माझ्या पोराचा नाव तुमच्या कागदार नसतला बाबा. बाई येवच्या लय आदीचा ता. तीस वरसां जाली."

"काय ठेवणार होतात?" मी विचारलं.

तिनं आजूबाजूला पाहिलं. मग पुटपुटली, "सावळाराम."

"आहे," मी म्हणालो. "तेही आहे."

म्हातारीनं माझं खोटं नक्की ओळखलं होतं. म्हणाली, "मगे म्हणान दाखय बघू एकदा. कोणी म्हटलला मी आयकूक नाय."

मी मोठ्यानं ते नाव घेतलं.